रत्नागिरीतील स्त्री-इतिहासाची वारसा फेरी: एका मार्गाचे प्रकरण

रत्नागिरी शहरात स्त्रियांच्या इतिहासाची पायी फेरी काढावी, ही कल्पना आमच्या अभ्यासगटात निघाली तेव्हा ती फार सोपी वाटली होती. शहरात थिबा राजवाडा आहे, लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आहे, पतितपावन मंदिर आहे आणि १८२८ साली स्थापन झालेले जुने ग्रंथालय आहे. यांपैकी प्रत्येक ठिकाणाशी जोडलेली एखादी स्त्री शोधायची, तिच्याविषयी दहा मिनिटे बोलायचे आणि पुढे चालू लागायचे, इतकाच आमचा आराखडा होता. गटात आम्ही सहा जणी: मराठी शिकवून निवृत्त झालेल्या दोन शिक्षिका, एक ग्रंथपाल, एक वकील, बँकेत नोकरी करणारी एक मैत्रीण आणि प्रस्तुत लेखिका. आम्हांपैकी कोणीही व्यवसायाने इतिहासकार नव्हते. पुढील टिपण आम्ही काढलेल्या तीन फेऱ्यांचे आहे. पहिली फेरी फसली, दुसरी वादात सापडली आणि तिसऱ्या वेळी मार्गच उलटा करावा लागला. असे उपक्रम कोकणातील इतर गावांतही सुरू होत असल्यामुळे या अनुभवाची नोंद सविस्तर करणे इष्ट वाटते.

पहिली फेरी आम्ही ८ मार्चला ठेवली, आणि पहिली चूक तिथेच झाली. फेरी सकाळी साडेआठला शिवाजीनगरातील थिबा राजाच्या समाधीपासून निघून राजवाडा, जयस्तंभ, टिळक आळी, पतितपावन मंदिर असे थांबे घेत मांडवीच्या किनाऱ्यावर संपायची होती. नकाशावर हे अंतर साधारण पाच-सहा किलोमीटरचे दिसत होते. परंतु मार्चमध्ये रत्नागिरीचे ऊन दहा वाजताच अंगावर येते, हवेतील दमटपणामुळे चढावर दम लागतो आणि जांभा दगडाच्या गडग्यांना सावली अशी नसतेच. तिसऱ्या थांब्यापर्यंत निम्मी मंडळी रिक्षा पाहू लागली आणि शेवटच्या थांब्यावर आम्ही सहा जणी व आमच्याच दोन भाच्या उरल्या. महिला दिनाचे औचित्य साधण्याच्या नादात आम्ही हवामानाचा विचार केला नव्हता, आणि त्या दिवशी घरचे सण-समारंभ, शाळेच्या परीक्षा व बँकेचा वर्षअखेर यांत अडकलेल्या स्त्रियांना येता येणार नाही हेही आमच्या ध्यानात आले नव्हते.

तथापि ऊन ही वरवरची अडचण होती. खरी अडचण आमच्या ग्रंथपाल सहकारिणीने त्याच संध्याकाळी बोलून दाखवली. तिने आमच्या निवेदनाचे कागद समोर ठेवले आणि प्रत्येक स्त्रीचा पहिला उल्लेख कसा येतो ते वाचून दाखवले: राजाची राणी, राजाची मुलगी, टिळकांच्या मातोश्री, सावरकरांच्या चळवळीतील स्त्रिया. त्यावर निवृत्त शिक्षिकांपैकी थोरल्या बाई म्हणाल्या की आपण स्त्रियांचा इतिहास सांगत नसून षष्ठी विभक्ती शिकवत आहोत. हे वाक्य त्या दिवसापासून आमच्या गटात परवलीचे झाले. एखादा नवा थांबा सुचवला गेला की आधी त्या स्त्रीविषयीचे पहिले वाक्य षष्ठीशिवाय लिहून पाहायचे, असा नियमच आम्ही करून घेतला. तो सर्वत्र पाळता येत नाही, आणि का पाळता येत नाही हेच पुष्कळदा सांगण्यासारखे असते.

थिबा राजवाड्याच्या बाबतीत हे विशेष जाणवले. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले, ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला पदच्युत केले आणि एप्रिल १८८६ मध्ये त्याला कुटुंबासह रत्नागिरीस आणून ठेवले. त्याच्यासोबत पट्टराणी सुपयालत, तिची धाकटी बहीण व थिबाचीच दुसरी राणी सुपयागले आणि लहान मुली होत्या. चौथ्या राजकन्येचा जन्म तर पुढल्या वर्षी रत्नागिरीतच झाला. आज आपण ज्याला राजवाडा म्हणतो ती भाट्याच्या खाडीकडे पाहणारी तांबूस इमारत १९१० मध्ये तयार झाली. म्हणजे या कुटुंबाने रत्नागिरीतील पहिली जवळजवळ चोवीस वर्षे दुसऱ्याच बंगल्यांत काढली आणि मुली ज्या वयात वाढल्या ते सगळे वय राजवाड्याबाहेरच गेले. सुपयागले १९१२ मध्ये वारली, थिबा डिसेंबर १९१६ मध्ये. दोघांचे देह १९१९ मध्ये शिवाजीनगरातील समाधीत ठेवण्यात आले आणि त्याच वर्षी सुपयालत ब्रह्मदेशात परतली. ती १९२५ मध्ये रंगून येथे वारली. रत्नागिरीत तिने तेहेतीस वर्षे काढली होती, आणि तरीही शहरात तिच्या नावाचा रस्ता, चौक किंवा साधी पाटीही आमच्या पाहण्यात आली नाही. राजाच्या नावाचा पॉइंट मात्र पर्यटकांना सहज सापडतो.

सुपयालतविषयी बोलताना आम्ही पहिल्या फेरीत प्रचलित कथाच सांगितली होती: राजाला मुठीत ठेवणारी, क्रूर, १८७९ मधील राजघराण्याच्या कत्तलीमागे असलेली राणी. ही प्रतिमा मुख्यतः इंग्रजी अमलाखालील लेखनाने घडवली. राज्य खालसा करण्याचे समर्थन करायचे असले की राजा दुबळा आणि राणी दुष्ट दाखवणे नेहमीच सोयीचे जाते. याचा अर्थ ती निर्दोष होती असा नाही. मात्र आम्ही जो भाग वगळला होता तो आमच्या डोळ्यांसमोरचा होता. परक्या भाषेच्या गावात सरकारी पहाऱ्यात संसार चालवणे, सरकारकडून मिळणारा तनखा अपुरा पडला की दागिने विकणे, आणि योग्य वर मिळत नाही म्हणून चार मुलींची लग्ने रखडलेली पाहणे हे सगळे रत्नागिरीतच घडले. रत्नागिरीच्या बायकांना यातले काहीही परके नाही. पुढे एकदा हे सांगितले तेव्हा मागे उभ्या असलेल्या एका काकू शेजारणीला म्हणाल्या, ‘म्हणजे सोनं मोडायला तीही आपल्याच पेठेत आली म्हणायची.’ या एका वाक्याने राणी जितकी जवळ आली तितकी आमच्या दहा मिनिटांच्या निवेदनाने आली नव्हती.

थोरल्या राजकन्येची गोष्ट याहून अवघड. राजकुटुंबाच्या पहाऱ्यावर असलेल्या गोपाळ सावंत यांच्याशी तिचे संबंध जुळले आणि १९०६ मध्ये तिला मुलगी झाली. या मुलीचे नाव तुतू. राजकन्या १९१९ मध्ये मुलीला घेऊन आईबरोबर ब्रह्मदेशात गेली, परंतु पुढे रत्नागिरीस परतली आणि १९४७ मध्ये हलाखीत इथेच वारली. तुतू रत्नागिरीतच वाढल्या, इथल्याच मराठी माणसाशी त्यांचे लग्न झाले, मराठीच त्यांची भाषा झाली आणि अत्यंत साध्या परिस्थितीत आयुष्य काढून २००० मध्ये त्यांचे निधन झाले. शहरात ही गोष्ट ‘राजाची नात शेण्या थापत होती’ अशा एका वाक्यात सांगितली जाते. सांगणाऱ्याचा स्वर हळहळीचा असतो, ऐकणाराही चुकचुकतो आणि दोघांनाही आपण काही जाणल्याचे समाधान मिळते.

पहिल्या फेरीत आम्हीही तेच वाक्य वापरले. त्यावर गर्दीतून दोन प्रश्न आले आणि दोन्हींनी आम्हांला गप्प केले. एका महाविद्यालयीन मुलीने विचारले की शेण्या थापणे ही राजाच्या नातीच्या बाबतीत शोकांतिका असेल, तर तेच काम जन्मभर करणाऱ्या इतर बायकांच्या बाबतीत ती काय असते. दुसरा प्रश्न एका आजींचा होता. त्यांनी इतकेच विचारले, ‘आणि सावंतांची पहिली बायको? तिचं काय झालं?’ गोपाळ सावंत आधीच विवाहित होते हे आम्ही वाचले होते आणि निवेदनात एका ओझरत्या वाक्यात सांगितलेही होते, पण त्या वाक्यात एक बाई उभी आहे हे आमच्यापैकी एकीच्याही लक्षात आले नव्हते. राजकन्येवर प्रेमकथा लिहिता येते, तिच्या नातलगांची भेट घ्यायला परदेशचे राष्ट्राध्यक्ष येतात (म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन २०१२ मध्ये समाधीच्या दर्शनास आले होते), पण त्या घरातील सवाष्णीने ही बातमी कशी ऐकली असेल, याला कोणताही कागद साक्षी नाही. आता त्या थांब्यावर आम्ही आजींचा प्रश्न आजींच्याच शब्दांत मांडतो आणि त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करत नाही.

याच थांब्याशी निगडित असा एक निर्णय आम्हांला घ्यावा लागला. या घराण्याचे वंशज शहरात राहतात हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे ‘घर दाखवा’ ही मागणी प्रत्येक फेरीत होते. वकील सहकारिणीचे मत सुरुवातीपासून ठाम होते की जिवंत माणसांचे दार हा फेरीचा थांबा होऊ शकत नाही. काही जणींना यात अति सावधपणा वाटला, कारण पत्रकार व पर्यटक तिथे पूर्वीपासून जात आले आहेत. शेवटी आम्ही घर दाखवायचे नाही, पत्ता सांगायचा नाही आणि कोणी विचारल्यास कारण स्पष्ट सांगायचे, असे ठरवले. यामुळे काही लोक नाराज होतात. एका गृहस्थांनी तर ‘मग फेरी कशाला काढता?’ असे विचारले. त्यांना राजवाड्यातील संग्रहालय मोकळे होते.

दुसरी फेरी आम्ही डिसेंबरात, सकाळी सातला आणि निम्म्या अंतराची ठेवली. राजवाडा व समाधी वेगळ्या दिवसासाठी राखून जयस्तंभ ते मांडवी एवढाच पट्टा घेतला. वाद झाला तो टिळक आळीत.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला आणि ते दहा वर्षांचे असताना कुटुंब पुण्यास गेले. त्यांच्या मातोश्री पार्वतीबाई त्यानंतर लवकरच वारल्या. म्हणजे पार्वतीबाईंच्या संसाराचा मोठा भाग रत्नागिरीत गेला. घरात आधी मुली झाल्या होत्या आणि मुलगा व्हावा म्हणून पार्वतीबाईंनी सूर्याची कठोर उपासना केली, असे चरित्रांतून सांगितले जाते. जन्मस्थानाच्या अंगणात उभे राहून हे सांगताना आमच्या धाकट्या शिक्षिकाबाईंनी एक वाक्य जोडले: उपवास एका बाईने केला, पण त्या उपवासाच्या आधी जन्मलेल्या मुलींची नावे इथे आलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक आहेत? काशीबाई हे नाव एकट्या ग्रंथपालबाईंना माहीत होते. इथपर्यंत सर्व ठीक होते. त्यानंतर त्यांनी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा विषय काढला.

त्या कायद्याने मुलींच्या बाबतीत संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर नेले आणि टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला, ही गोष्ट शालेय पाठ्यपुस्तकांच्या पलीकडे वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरी त्यांच्या जन्मघराच्या अंगणात ती ऐकणे वेगळे असते. एक ज्येष्ठ सद्गृहस्थ संतापले. ज्यांनी देशासाठी मंडालेची शिक्षा भोगली त्यांच्या दारात असे बोलणे अनुचित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याबरोबर आलेली चार-पाच मंडळी निघून गेली. उरलेल्यांत दोन तट पडले आणि पुढला अर्धा तास फेरी जागची हलली नाही.

या प्रसंगाची चर्चा आम्ही नंतर बरीच केली. आमचे म्हणणे खरे होते, पण ते अपुरे होते, असा निष्कर्ष मला स्वतःला काढावा लागला. टिळकांचा विरोध प्रामुख्याने परकीय सरकारने कायदा करण्याला होता. त्याच सुमारास त्यांनी स्वतः पर्यायी सूचना मांडल्या होत्या: मुलीचे लग्न सोळा वर्षांच्या आत आणि मुलाचे वीस वर्षांच्या आत करू नये, विधवांचे केशवपन करू नये, हुंडा घेऊ नये, आणि हे नियम ज्यांना मान्य असतील त्यांनी स्वतःवर बंधनकारक मानावेत. हे न सांगता फक्त विरोध सांगणे म्हणजे अर्धवट माहिती देणे होय. उलट, या सूचना सांगून तिथेच थांबणे हाही बचावच ठरतो, कारण ज्या मुलीचे वय दहा किंवा अकरा आहे तिला सुधारणा सरकारकडून आली की समाजाकडून, याने त्या रात्री काही फरक पडत नव्हता. आता आम्ही दोन्ही गोष्टी सांगतो, याच क्रमाने सांगतो आणि आवाज चढवत नाही. ते सद्गृहस्थ पुढल्या फेरीला पुन्हा आले. आपले मत त्यांनी बदललेले नाही, पण या वेळी त्यांनी पत्नीलाही आणले होते आणि काकूंनी मात्र आमच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या.

याच पट्ट्यात देवरूखची आठवण काढण्याचे आम्ही ठरवले, कारण केशवपन आणि बालविवाह यांविषयी बोलताना आपल्याच जिल्ह्यातली एक मुलगी डोळ्यांसमोर आणता येते. देवरूखच्या जोशी कुटुंबातील गोदूबाई लहानपणीच विधवा झाली. भावाच्या आधाराने ती मुंबईस गेली आणि पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये काढलेल्या शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी ठरली. पुढे मार्च १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. त्यानंतर दापोली तालुक्यातील मुरुडकरांनी, म्हणजे कर्व्यांच्याच गावाने, या दांपत्यावर बहिष्कार घातला. महर्षी कर्वे यांचे नाव शिक्षणसंस्थांवर आहे. आनंदीबाईंचा उल्लेख आला की लोक ‘बाया कर्वे’ म्हणतात आणि त्यांनाही पुन्हा षष्ठीतच बसवतात. आमच्या नियमानुसार लिहिलेले पहिले वाक्य असे झाले: ‘देवरूखची गोदूबाई बोटीने मुंबईस गेली आणि शाळेत बसली.’ बोटीने हा तपशील आमचा तर्क होता. कागदपत्रांत तसे काही न सापडल्याने थोरल्या बाईंनी तो शब्द खोडला. वाक्य आता ‘देवरूखची गोदूबाई मुंबईस गेली आणि शाळेत बसली’ असे आहे.

पतितपावन मंदिराविषयी थोडक्यात सांगतो. सावरकर रत्नागिरीत १९२४ पासून १९३७ पर्यंत स्थानबद्ध होते. भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने उभारलेले हे मंदिर १९३१ मध्ये सर्व जातींसाठी खुले झाले. या चळवळीत सर्व जातींच्या स्त्रियांची हळदीकुंकवे झाली आणि स्त्रियांची सहभोजनेही झाली. घरात सोवळे-ओवळे सांभाळण्याची जबाबदारी बाईवर असते. त्यामुळे एका उच्चवर्णीय घरातील गृहिणीने दुसऱ्या जातीच्या बाईच्या हातून कुंकू लावून घेणे हे पुरुषाने पंक्तीत बसण्याहून अधिक जोखमीचे होते, कारण परतल्यावर सासू व शेजार यांच्यापुढे तिलाच उभे राहायचे होते. हे निवेदन श्रोत्यांना आवडते. परंतु हळदीकुंकू हा विधी मुळातच विधवेला बाहेर ठेवतो, तेव्हा जातीची रेघ पुसताना दुसरी रेघ तशीच राहिली का, हा प्रश्नही तिथे विचारायला हवा. तो आम्ही विचारतो. मंदिरात येणाऱ्या भाविकांना आमच्या गर्दीचा त्रास होतो म्हणून तिथे फार थांबत नाही.

यानंतरचा भाग फेरीचा कस पाहणारा होता. जयस्तंभ, आळ्या, मंदिर या सगळ्या थांब्यांवर एक गोष्ट समान होती: सर्वत्र इमारत होती. इमारत ज्यांनी बांधली, ज्यांच्या नावावर होती, ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते पुरुष. रत्नागिरीतील बायकांचा बहुतेक काळ अशा इमारतींत नव्हे, तर त्यांच्यामधल्या वाटांवर गेला आहे. विहिरीवर, मासळीबाजारात, आंब्याच्या पेट्या भरण्यात, काजूच्या कारखान्यात, आणि मनीऑर्डर आली का हे पाहायला पोस्टात. घरातील कर्ता पुरुष मुंबईस गिरणीत आणि बाई गावी शेत, सासू-सासरे व मुले सांभाळत आहे, हे कोकणचे चित्र किमान तीन पिढ्यांचे आहे. पत्र आले की ते पोस्टमन किंवा शेजारचा शाळकरी मुलगा वाचून दाखवत असे, म्हणजे नवरा-बायकोच्या बोलण्यात नेहमी तिसरे माणूस असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी थांबल्या, त्याचा जमाखर्च मुंबईच्या इतिहासात मांडला गेला आहे. कोकणात त्या वर्षी कुठली शेते गहाण पडली, कुठल्या पाटल्या मोडल्या हे घरोघरच्या आजी सांगू शकतात. म्हणून तिसऱ्या फेरीत आम्ही पोस्ट हा थांबा घेतला आणि निवेदन न करता उपस्थितांनाच घरच्या मनीऑर्डरीविषयी विचारले. कोणत्याही थांब्यावर आम्हांला इतके ऐकायला मिळाले नव्हते. एका मावशींनी सांगितले की पैशाबरोबर येणाऱ्या चिठ्ठीच्या चिंचोळ्या जागेत त्यांचे वडील ‘सर्व खुशाल’ एवढेच लिहीत आणि आई त्या दोन शब्दांवरून त्यांची तब्येत ओळखत असे.

मासळीबाजाराचा थांबा कोणी सुचवला ते आता आठवत नाही. मिरकरवाडा बंदरात पहाटे होड्या लागतात, मासळीचा लिलाव होतो आणि बायका लिलावात बोली लावून माल उचलतात, बर्फ घालतात, पाट्या भरतात व शहरात विकायला निघतात. या व्यवहारात भांडवल, जोखीम आणि भाव ठरवण्याची अक्कल या तिन्ही गोष्टी बाईच्या असतात. आम्ही तिथे जाऊन, आधीच्या सवयीने, एका कडेला उभ्या राहून मासेविक्रीच्या परंपरेविषयी वाचू लागलो. निवेदनात रमाबाई आंबेडकरांचाही उल्लेख होता: त्या दापोलीजवळच्या वणंदच्या, त्यांचे वडील दाभोळच्या बंदरावर माशांच्या टोपल्या वाहत. इतक्यात डोक्यावर पाटी घेतलेल्या एका मावशींना आमच्या घोळक्यामुळे वाट मिळेना. त्या थांबल्या, आमच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, ‘मी रोज ह्याच वाटेनं पाटी घेवन जाते. तुमी आज पयल्यांदा आलाव, नि मला वाट अडवून वाट दाखवताव?’

सगळे हसले. थोरल्या बाईंनी हातातला कागद मिटला आणि त्यांना विचारले की त्या कुठपर्यंत जातात, आम्ही मागून आलो तर चालेल का. अशा रीतीने, न ठरवता, त्या दिवशी उरलेली फेरी त्या मावशींच्या मागून झाली. त्यांची वाट आमच्या नकाशातील कोणत्याही रस्त्याशी जुळत नव्हती. ती घरांच्या मागील दारांनी, पाखाड्यांनी (पायऱ्यांच्या अरुंद वाटांनी), विहिरींच्या कडेने जात होती. कोणत्या घरात कोण बाई आजारी आहे, कुठे गुरुवार पाळतात म्हणून बुधवारीच जास्त घेतात, कुठल्या घरी उधारी तीन महिन्यांची आहे पण मागायची नाही, कारण त्या घरच्या आजींनी एका पावसाळ्यात तांदूळ दिले होते, हे सगळे त्या चालता चालता सांगत होत्या. ज्या आळीत दोन महिन्यांपूर्वी आम्ही सोवळ्या-ओवळ्याविषयी व्याख्यान दिले होते तिथल्याच एका घराच्या मागील दारी त्यांनी सांगितले की त्यांच्या सासूच्या काळी इथे पैसे हातात देत नसत, पायरीवर ठेवत. ‘आता देतात हातात,’ त्या म्हणाल्या, ‘पण चहा अजून बाहेरच्या कपात.’ या वाक्यानंतर आम्ही काही बोललो नाही.

पुढे त्या मावशींशी बोलून फेरीचा नवा मार्ग पक्का केला: पहाटे सहाला मिरकरवाडा, तिथून त्यांच्या वाटेने आळ्यांपर्यंत, मग पोस्ट, ग्रंथालय आणि शेवटी टिळक आळी. म्हणजे जी इमारत आधी सुरुवातीच्या थांब्यांत होती ती शेवटी गेली आणि तिच्याकडे आम्ही मागील दाराने पोहोचू लागलो. अंगणातील चर्चाही त्यामुळे बदलली. मागील दार पाहून आलेल्या माणसाला पार्वतीबाईंच्या दिवसाची कल्पना करायला फार सांगावे लागत नाही.

मानधनावरून मात्र आमच्यातच बाचाबाची झाली. पहिल्या दोन फेऱ्यांना बोलावलेल्या एका जाणकारांना आम्ही पाकिटातून रक्कम दिली होती आणि हिशेबाच्या वहीत ती ‘मार्गदर्शक मानधन’ म्हणून लिहिली होती. मासेवाल्या मावशींच्या वेळी बँकेतल्या मैत्रिणीने सहजपणे ‘चहापाणी’ असे लिहिले आणि रक्कमही त्याच मानाने ठेवली. मावशींनी ती नाकारली. घोळक्याबरोबर चालल्यामुळे त्यांना दोन आळ्यांत पोहोचायला उशीर झाला, गिऱ्हाइकांनी दुसरीकडून मासळी घेतली आणि पाटी अर्धी भरलेलीच राहिली होती. उन्हात अर्धी पाटी म्हणजे काय, हे आम्हांला हिशेबाने समजावून सांगावे लागले. त्यांनी मागितलेली रक्कम जाणकारांच्या मानधनाहून जास्त निघाली. दोघींनी विरोध केला, एकीने ‘पायंडा पडेल’ असा इशारा दिला. शेवटी फेरीची वर्गणी वाढवून पूर्ण रक्कम देण्याचे ठरले आणि वहीतील ‘चहापाणी’ खोडून वर ‘मार्गदर्शक मानधन’ लिहिले गेले. खोडलेला शब्द खालून अजून वाचता येतो.

फेरी आता ऑक्टोबर ते मे या काळात महिन्यातून एकदा निघते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि लिलाव थांबतो, त्यामुळे त्या काळात मिरकरवाड्याचा थांबा घेण्यात अर्थ नसतो, आणि पावसात पाखाड्या शेवाळलेल्या असतात. या दोन महिन्यांत मावशी सुकी मासळी विकतात. ती वाट वेगळी आहे, गावाबाहेरच्या वाड्यांकडे जाणारी, आणि पुढल्या वर्षी तीही दाखवावी का, यावर त्यांचे उत्तर आहे की आधी भाडे कोण देणार ते सांगा.